तीन तारे दिसेपर्यंत

—नाही नाही, आत नका जाऊ पाळकसाहेब, फरशी ओली आहे. हौ, सगळ्या घराची. आत्ताच पुसली. घसराल ना, त्यात तुमचा तो गुडघा — इथंच बसा बाकावर माझ्याजवळ, हवा किती छान आहे, डिसेंबरातली बरकतपुऱ्याची हवा म्हणजे… मच्छर? मच्छर आहेत थोडे. ते सगळ्यांना चावतात, धर्म बघत नाहीत. बसा. मी दत्तोबा, मानसीचा आजोबा. तुम्हाला ओळखलं मी लगेच, गेटातून आलात तेव्हाच — तुमचा संदेश अगदी असाच चालतो, आधी डोकं येतं मग माणूस. गुडघ्याचं कुणी सांगितलं? कुणी नाही, चालण्यावरून दिसतं की. तर आज आमची मानसी आणि तुमचा संदेश यांचं पक्कं करायचं म्हणून तुम्ही आलात, फार आनंद झाला, फक्त बोलावणं सहाचं होतं आणि आता — माझं घड्याळ जरा हळू आहे — पावणेपाच का? तुमचं बरोबर असेल. माझा मुलगा उदय मिठाईला गेलाय काचीगुड्याला, सूनबाई वंदना आणि मानसीची आजी, आमची तारामती, फुलं आणायला, सगळे येतील सहाला. सहाच्या आधी? सहाच्या आधी नाही येणार. गर्दी असते.

हे घ्या, उस्मानिया बिस्किटं, चहा थर्मासमध्ये आहे, मी सगळं बाहेरच आणून ठेवलं होतं — नाही, तुम्ही लवकर येणार हे कुठं माहीत होतं, मी आपला असाच बसतो रोज. मला बसायची सवय आहे साहेब. छत्तीस वर्षं बसलो. सरकारी वेधशाळेत होतो ना मी, मानसीनं सांगितलं असेल. शिकलेला नाही हां मी, एक इयत्ता नाही, सही तेवढी येते. माझं काम घुमटाचं. वर मोठा गोल घुमट असतो, त्याला फट असते, फटीतून दुर्बीण बघते, आणि आभाळ सरकलं की घुमट सरकवायचा — लोखंडी चाक होतं, एवढं — साहेब आतून ओरडणार, दत्तोबा, डावीकडं, की मी डावीकडं. बस्स. पण छत्तीस वर्षं आभाळाच्या मागं मागं चाक फिरवलं म्हणजे थोडं कळतंच, कोण कुठं उगवतो, कोण कुठं बुडतो. तुमच्या जालन्याकडं आभाळ फार स्वच्छ दिसतं, मी गेलोय. तुम्ही मूळचे जालन्याचेच ना? आणि संदेश? तो इथलाच, हैदराबादचा. तेच म्हटलं. मग त्या रविवारी — नाही, आपलं सहज विचारतो — तुमचा संदेश झाला त्या रविवारी तुमचा उपदेश कशावर होता हो?

रविवार कसा माहीत? मानसी बोलली असेल. नाहीतर असंच, मुलं रविवारी होतातच की बरीच. घ्या, बिस्किट बुडवून घ्या.

उठू नका ना! आत खरंच — बरं. बरं, सांगतो. फरशी ओली नाही. वंदना सकाळी दहालाच पुसते, आता ठणठणीत कोरडी आहे. मला खोटं बोलायला जमत नाही, ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही आपले गप्प बसा, पण तुम्ही लवकर आलात, मग मी काय करणार? राहुकाळ आहे साहेब. रविवारी साडेचार ते सहा. तारामती म्हणाली, आपल्या नातीचं एकदाच होणार, सहाच्या आत पाहुण्याचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं नाही पाहिजे — हे तिनं मला सांगितलं आणि स्वतः निघून गेली, कारण तिचंही पडलं नाही पाहिजे. सगळे बाहेर आहेत, घर आत एकटं आहे. तुम्ही हसताय, हसा. रागावला नाहीत ना? मला माहीत आहे, तुमच्यात हे पाप. मानसी मागच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये येऊन बसली होती, घरी येऊन सगळं सांगितलं तिनं — तुम्ही म्हणालात, तारे बघावेत, ताऱ्यांना विचारू नये. मला इतकं आवडलं! म्हटलं, हा माणूस आपला. मी छत्तीस वर्षं बघितलं, कधी काही विचारलं नाही. आणि आमचे शशिकांतसाहेब, केवढे शिकलेले, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणार, ताऱ्याचं वजन सांगणार, आणि सकाळी घरी जाताना स्कूटरला किक मारायच्या आधी मला विचारणार, दत्तोबा, राहुकाळ संपला का रे? मी म्हणायचो, साहेब, तुम्हीच तर सांगता की राहू म्हणून काही दिसत नाही. तर म्हणायचे, दिसत नाही म्हणूनच तर भीती.

पण एक विचारू? रागावू नका. तुमच्या पुस्तकात ते पूर्वेकडचे मागी लोक आहेत ना, येशूच्या जन्माचा तारा बघून निघालेले — ते कोण? म्हणजे जोशी की वेधशाळेतले? मी यावर पुष्कळ विचार केलाय, मला दुसरं काम नसतं. वेधशाळेतले म्हणावं तर वेधशाळेतल्या माणसाला नवा तारा दिसला की तो वहीत लिहितो, दुसऱ्या वेधशाळेला कळवतो, आणि चहा मागतो. उंटावर बसून निघत नाही. निघायचं म्हटलं तर आधी वरची मंजुरी, मग प्रवासभत्त्याचा फॉर्म, तोपर्यंत पोरगं शाळेत जायला लागलं असतं. हे निघाले! तारा बघितला आणि म्हणाले, राजा जन्मला. हे तर ताऱ्याला विचारणंच झालं की. आणि दुसरी खूण सांगू? ते चुकीच्या घरी गेले. थेट त्या हेरोद राजाच्या वाड्यावर, म्हणे नवा राजा कुठं जन्मलाय? बिचाऱ्याला माहीतच नाही! वर्ष बरोबर, देश बरोबर आणि पत्ता चुकला — हा पक्का जोशी साहेब, शंभर टक्के. आमचा ओमकार असाच आहे, बरकतपुऱ्यातला, लॅपटॉपवर करतो सगळं. मी म्हणतो, देवानं जर त्या लोकांना बोलावून घेतलं, पाळण्यापर्यंत येऊ दिलं, तर थोडं — थोडं चालत असेल का त्याला? नाही? देवानं त्यांना त्यांच्या भाषेत हाक मारली? अस्सं. म्हणजे जोश्याला बोलवायचं तर तारा, आणि कोळ्याला बोलवायचं तर मासे. बरं आहे हे. लक्षात ठेवतो, तारामतीला सांगायला. आणि तो तुमचा यहोशवा, ज्यानं लढाईत सूर्य थांबवला, चंद्रही थांबवला, दिवसभर — मानसीनं वाचून दाखवलं मला. मी रात्रभर विचार करत होतो. राहुकाळ दिवसाचा आठवा भाग असतो, तर त्या दिवशी राहुकाळ केवढा लांबला असेल! तेवढा वेळ माणसं बाहेर बाकावर बसून असतील.

किती वाजले? पाच वीस. बघा, बोलता बोलता गेला वेळ.

यहुदी माणूस बघितलाय तुम्ही? मी बघितलाय. लेवीसाहेब. ऐंशी साली खग्रास ग्रहण झालं ना इथं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, लोक खिडक्यांना घोंगड्या लावून बसले होते — तेव्हा जगभरचे साहेब आले होते कॅमेरे घेऊन, त्यात हा. चांगला माणूस. माझ्या हातून एकदा चहाचा ग्लास फुटला तर मोठ्यानं ओरडला, मझल तोव! मला वाटलं शिवी दिली. शशिकांतसाहेबांनी सांगितलं, अरे, त्यांच्या लग्नात ग्लास फोडतात आणि असं म्हणतात, म्हणजे तुला चांगला तारा लाभो. मी विचारलं, म्हणजे यांच्यातही पत्रिका? तर लेवीसाहेब म्हणाला, आमच्या पंडितांचं यावर भांडण चालू आहे, एक म्हणतो ताऱ्यांची सत्ता आमच्यावर नाही, दुसरा म्हणतो आहे, दीड हजार वर्षं झाली, अजून जेवायला उठले नाहीत. तर ग्रहण आलं शनिवारी. आणि शनिवार म्हणजे यांचा विसावा, कामाला हात लावायचा नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू, आणि शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले की संपला. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, कॅमेरा लावून ठेवलेला, आणि हात मागं बांधून उभा! म्हणाला, बघायला बंदी नाही, बटण दाबायला आहे. मला गलबलून आलं. मग दुपारी पावणेचारला अंधार पडला, कोंबडे ओरडले, आणि मी वर बघतो तर — शुक्र! मग आणखी एक, मग आणखी एक. मी ओरडलो, साहेब, तीन तारे! संपला शनिवार! दाबा! तो हसायला लागला, हसता हसता डोळ्यांत पाणी, मान हलवतो, नाही म्हणतो. दोन मिनिटं असतं साहेब सगळं. मग मीच दाबलं. त्यानं सांगितलं नाही हां, तो आभाळाकडं बघत होता, मी आपलं मनानंच दाबत राहिलो, बारा वेळा. सगळे फोटो चांगले आले. पुढं त्याचं कार्ड आलं, त्यावर मझल तोव लिहिलेलं. हे आत तारामतीसमोर बोलू नका. पंचेचाळीस वर्षं तिला वाटतंय मी ग्रहणात खोलीत दार लावून बसलो होतो.

तर सांगायचं काय, की दिवस कधी बदलतो यावर कुणाचं एकमत नाही. ही सगळी अडचण तिथली आहे. लेवीसाहेबाचा बदलतो संध्याकाळी, तीन ताऱ्यांवर. तारामतीचा बदलतो सूर्य उगवला की. म्युनिसिपालटीचा मध्यरात्री. आणि आमच्या वेधशाळेत तर दुपारी बारा वाजता बदलायचा, खरंच, कारण रात्रीच्या मध्येच वहीचं पान उलटायला नको. मी नोकरीत चार-चार तारखा सांभाळल्यात. म्हणून मला कळलं की काहीतरी घोटाळा आहे. रविवारी रात्री एक वाजता म्हणजे कोणती रात्र? शनिवारची जेवणं झाल्यावरची, की रविवारची जेवणं झाल्यावरची? म्युनिसिपालटी म्हणते शनिवारनंतरची, ओमकार म्हणतो रविवारनंतरची, कारण सोमवार तर सूर्य उगवल्यावर. एका दिवसात चंद्र पुढच्या नक्षत्रात जातो, आणि नक्षत्र बदललं की सगळंच — 

कशाची अडचण म्हणजे? मी काय म्हणालो? नाही, मी सर्वसाधारण बोलत होतो. हे कागद? हे… खिशातून पडले का? ते लाइटचं बिल आहे. दोन महिन्यांचं. अहो, द्या ना — हौ. पत्रिका आहे. दोन आहेत. बसा. बसा हो पाळकसाहेब, तुम्ही असे उठून गेलात तर माझी नात माझ्याशी बोलणार नाही, आणि पाच पस्तीस झालेत, जाल कुठं, पाच पस्तीसला निघालेला माणूस — बरं, ते राहू दे. बसा. तिचं काही चुकलं नाही, तिला माहीतही नाही. हे सगळं आमच्या हिचं. हिला संदेश फार आवडलाय, परवा स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली त्याला, तीन खाल्ल्या, म्हणाली ख्रिश्चन असला तरी जेवणारा आहे. पण पत्रिका जुळली तरच हो म्हणणार. पंचाहत्तर वर्षांची बाई, तिला आता मी काय नवीन शिकवणार? मुलं म्हणाली आम्ही रजिस्टर लग्न करू, ही म्हणाली करा, मी येणार नाही. मानसी म्हणते आजी नाही तर लग्न नाही. आता बघा, कुठं अडकलंय ते.

वेळ कुणी दिली? कुणीतरी दिली. ते विचारू नका. अक्षर? कुठं — मागच्या बाजूला? हां, वेळेची ही चिठ्ठीही पडली का, ती तुमच्या नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलेली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. छान छपाई आहे. तुम्ही अक्षर ओळखलंत ना? मग मी कुठं सांगितलं? मी नाही सांगितलं. शोभावहिनींवर रागावू नका हो. संदेशची आई आहे ती. मी फोन केला, म्हटलं, वहिनी, अशी अशी अडचण आहे, तुमच्यात चालत नाही माहीत आहे, तर त्या म्हणाल्या, लिहून पाठवते. आणि म्हणाल्या, मुलगी आमच्या घरात सुखी राहील का तेही बघायला सांगा. आणि तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की थांबावं. आणि चर्चचं नवीन छप्पर कधी होईल. छपराचं ओमकार म्हणाला गुरू बदलल्यावर — कोणते गुरू? ग्रह हो. तुमच्या वरच्या साहेबांविषयी काही बोलला नाही तो. मग त्यांनी लिहिलेल्या ‘रविवारी रात्री एक’चा घोटाळा लक्षात आल्यावर मी परत फोन केला, कोणती रात्र ते विचारायला, तर तुम्ही उचललात. मंगळवारी. राँग नंबर म्हणणारा तो मीच. तीनदा मीच. चौथ्यांदा वहिनींनी उचलला.

आता तुम्हाला सगळं कळलंच आहे तर एकच सांगा, मग मी गप्प बसतो. हा कागद, रविवारनंतरची रात्र — धनिष्ठा नक्षत्र. साडेअकरा गुण. नाडीदोष. आणि गण राक्षस. कोण म्हणजे? संदेश. अहो, मी नाही म्हणत, कागद म्हणतो! मीही तेच म्हणालो, तो पोरगा मुंगीला वळसा घालून जातो, त्याला राक्षस कसं म्हणायचं. हो, हो, कळलं, रडत कधी नव्हता, पाळण्यात असतानाही. पहिलं बक्षीस कशात, भजनात? बघा. राक्षस भजन म्हणेल का? हेच मी तारामतीला सांगितलं. ही म्हणाली, रावण म्हणायचा. तर आता दुसरा कागद. शनिवारनंतरची रात्र — श्रवण नक्षत्र, देवगण. मला वाचता येत नाही, पण याच्या कोपऱ्यात मानसीनं — नाही, वंदनानं — फूल काढून ठेवलंय. चुकून. ओमकार म्हणतो जन्माच्या दाखल्यावर बारा जुलै आहे हे खरं, पण तो फॉर्म भरणाऱ्यानं घड्याळ बघून भरला की आपण बोलतो तसा भरला, कोण जाणे. फॉर्म तुम्ही भरलात. वहिनी म्हणतात मला फक्त वेदना आठवतात आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे जगात तुम्ही एकटेच आहात ज्यांना माहीत आहे. त्या रविवारी सकाळी तुम्ही उपदेशाला उभे राहिलात, तेव्हा तुम्ही बाप झाला होतात, की व्हायचे होतात? एवढंच. हे काही पाप नाही, ही आठवण आहे.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, ऑटो गेला. कितीपैकी? छत्तीसपैकी. अहो, दुसऱ्यात एकोणतीस! डिस्टिंक्शन म्हणा ना. नाही, मी काही सुचवत नाही, जे खरं तेच सांगा, मी शपथ घालत नाही, पण तुम्ही पाळक आहात, आणि तारामती तुमच्या तोंडाकडं बघूनच ओळखेल. आठवा सावकाश, पावणेपाचपासून बसलोच आहोत. — काय? उपदेशाच्या आधीच? म्हणजे उभे राहिलात, उपदेश विसरलात आणि थेट शेवटचा आशीर्वाद देऊन सगळ्यांना घरी पाठवलंत? आणि लोक गेले? आनंदानं गेले? रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर माणसाचं असंच होणार, मी असतो तर आशीर्वादही विसरलो असतो. अजून लोक चिडवतात? मग साक्षीदार पण आहेत! सगळं चर्च साक्षीदार! म्हणजे शनिवारनंतरची. म्हणजे श्रवण. देवगण! पाळकसाहेब — मझल तोव! द्या, ग्लास कुठं आहे, नाही, फोडत नाही, वंदना ओरडेल.

आणि गंमत बघा, तुमच्या पुस्तकातही तसंच आहे ना, अगदी पहिल्या पानावर — संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस. आधी रात्र, मग दिवस. म्हणजे वहिनींनी रविवारी रात्री लिहिलं ते पुस्तकाप्रमाणं बरोबरच लिहिलं, चुकला तो ओमकार. असं आत सांगा तारामतीला. तुम्ही सांगा, मी सांगितलं तर म्हणेल यांना वेधशाळेनं बिघडवलं. तो कागद द्या, हिला दाखवायला लागेल — नाही? तुम्हाला हवाय? ठेवा, ठेवा की. वाचा सावकाश. श्रवणावरची माणसं कशी असतात ते खाली लिहिलंय म्हणे. हो का? संगीताची आवड? बघा. आईवडिलांना सांभाळणारा? मोठ्यानं वाचा ना, मलाही कळू दे. बरं, मनात वाचा. पुस्तकात ठेवताय? कोणत्या पानात? मागी लोकांच्या? तिथं चालेल, त्यांना कळेल.

बघा, तो शुक्र. गच्चीवरच्या त्या नाताळच्या कंदिलाच्या वर, तो. इकडं गुरू उगवलाय, तिसरा शोधू या, शनी असेल त्या टाकीच्या अंगाला. आणि समोर, गुलमोहराखाली बघितलंत? तो ऑटो. दहा मिनिटं झाली थांबलाय. मागं निळी साडी, हातात डबा — अहो, आपल्या शोभावहिनी! संदेशला घेऊन पाठीमागून येते म्हणाल्या होत्या ना तुम्हाला? आणि उतरत नाहीत. आणि पलीकडं आमची तारामती फुलं घेऊन भिंतीला टेकून उभी. दोघी एकमेकींकडं बघतायत आणि दोघी घड्याळाकडं. या बायका कुठं भेटल्या काय की.

चला, तुम्ही तरी चला आत. तुम्हाला काय त्याचं, तुमच्यात तर हे काही नाही. मी कुणाला सांगणार नाही, मी दार उघडतो — 

काय झालं? घड्याळात काय बघताय?

चार मिनिटं आहेत?

बरं. बसा मग. मी काही बोलत नाही.